वहीतले देव आणि हाक मारणारी मुलगी

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. बरंच मोठं आहे, गाभा तेवढा देते:

"माझी मुलगी नववीत आहे. मागच्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी माझ्या नणंदेचा मुलगा कराडहून आमच्याकडं येताना हायवेला अपघातात गेला. कॉलेजला होता. दोघांचं लहानपणापासून फार जमायचं, आमच्या घरचं मखर दरवर्षी तोच करायचा, हिनंच फोन करून लवकर ये म्हणून बोलावलं होतं. तेव्हापासून सासूबाई एकच म्हणतात, सटवाईनं लिवलं हुतं तेवढंच आयुष्य. मिस्टर अंनिसचं काम करतात, ते म्हणतात लिहिलेलं बिहिलेलं काही नसतं, निव्वळ योगायोग. मुलगी दोघांशीही त्यावर बोलत नाही. पण तिनं एक वही केलीय, त्यात तिचे स्वतःचे देव आहेत. धुक्यातलं एक पठार, बहुतेक कासच्या पठारावरून घेतलंय, तिथं नेमा आणि अवचिता अशा दोन बहिणी सागरगोटे खेळतात आणि एकेक गोटा म्हणजे एकेक माणूस. खाली एक छोटी मुलगी बसलेली असते, तिला नाव नाही, ती मधेच कुणाला तरी हाक मारते आणि बहिणींचा झेल चुकतो. नकाशे, आरत्या, शाप सगळं आहे. सासूबाई म्हणतात नवे देव काढू नयेत, कोपतात, वही कृष्णेत सोडा. मिस्टर म्हणतात आधीचे देव कमी होते का, हे असलं डोक्यात भरवून घेऊ नको म्हणावं. मी आवराआवर करताना वही वाचली, तिला माहीत नाही. आता परत गणपती आलेत. वही काढून घेऊ का? अंधश्रद्धा तर बसत नाहीये ना तिच्या मनात?"

ताई, वही काढून घेऊ नका आणि नदीत सोडायचा तर विषयच नको. हे पहिल्यांदा सांगतेय कारण सण तोंडावर आलाय आणि घरात कुणीतरी चिडून काहीतरी करून बसेल अशी मला भीती वाटते, बाकीचं सावकाश बोलू.

सासूबाईंपासून सुरू करते. सटवाई आपल्याकडं घराघरात होती, अजून आहे. पाचवीला पाटा-वरवंटा पुजायचा, शेजारी कोरा कागद आणि पेन ठेवायचं, दिवा रात्रभर विझू द्यायचा नाही, कारण ती येऊन बाळाच्या कपाळावर लिहून जाणार आणि एकदा लिहिलं की तिचं तिलाही खोडता येत नाही. शिकलेली पोरं हसतात याला, पण पूर्वी बाळंतपण घरात व्हायचं, नाळ विळ्यानं नाहीतर जे हाताशी येईल त्यानं कापायची, आणि त्यातून धनुर्वात झाला की पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच बाळ हातचं जायचं. म्हणजे पाचवी-सहावीची रात्र ही खरोखर जीव मुठीत धरून काढायची रात्र होती, बायका जागत बसायच्या, आणि मला तरी वाटतं की सटवाई त्या जागरणातूनच आली असणार. ज्या बाईनं आता नातू गमावलाय तिनं परत त्याच सटवाईकडं जावं यात मला काहीच नवल वाटत नाही.

आणि ही काही एकट्या आपली देवी नाही. ग्रीकांकडं तीन म्हाताऱ्या होत्या, एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी मापते, तिसरी कापते. मेलिएगर नावाच्या पोराच्या जन्मानंतर सातव्या दिवशी त्या आल्या आणि सांगून गेल्या की चुलीतलं हे लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल, आईनं पळत जाऊन लाकूड विझवलं आणि पेटीत लपवून ठेवलं. पुढं तो मोठा वीर झाला, एका भांडणात त्यानं आईच्याच भावांना मारलं आणि आईनं रागाच्या भरात ते लाकूड काढून आगीत टाकलं. दिवसाचा फरक सोडला तर पाचवीची रात्र आणि ही गोष्ट किती जवळची आहे बघा. जुन्या इजिप्तमध्ये सात हाथोर देवी होत्या, एक राजपुत्र जन्मला तेव्हा त्या म्हणाल्या हा मगरीनं, सापानं नाहीतर कुत्र्यानं मरणार. बापानं त्याला वाळवंटात घर बांधून सगळ्यांपासून लांब ठेवला, तरी पोरानं कुत्रा पाळलाच, घर सोडून गेला, लग्न केलं, बायकोनं सापापासून वाचवला... आणि पुढं ती गोष्ट लिहिलेला पपायरस, म्हणजे त्या काळचा कागदच, फाटलाय. तीन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, पण तो शेवटी मेला का वाचला हे आज कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडं इरावती कर्व्यांनी १९५० साली सटवाईच्या लेकीची गोष्ट इंग्रजीत छापली होती, ग्रीकांच्या ईडिपस राजाच्या गोष्टीशी तिचं नातं दाखवून. लेक आईला विचारते माझ्या कपाळी काय लिहिलंयस, आईला सांगावं लागतं, आणि आई स्वतः सटवाई असून बदलू मात्र शकत नाही. सासूबाईंना अशा गोष्टी नक्की येत असतील. "लिवलं हुतं" एवढंच म्हणण्यापेक्षा त्यांनी नातीला पूर्ण गोष्ट सांगावी, कारण त्या गोष्टीत सटवाईचं पण काही चालत नाही हे तिला कळू दे.

आता मिस्टरांचा योगायोग. त्यांना वाटतं योगायोग म्हटलं की आपण देवधर्माच्या बाहेर आलो, पण तसं नाहीये, जुन्या लोकांनी योगायोगालाही देवांच्या पंगतीत बसवलेलं. ग्रीकांचे तीन भाऊ देव, त्यांनी जग वाटून घेतलं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं, झ्यूसला आकाश आलं, पोसायडनला समुद्र, हेडीसला पाताळ, कुणी ठरवून दिलं नाही. रोमजवळ प्रेनेस्ते गावात फोर्तुना देवीचं देऊळ होतं, तिथं लाकडी चकत्यांवर काहीबाही कोरलेलं असायचं आणि एक लहान मुलगा त्यातली एक उचलायचा, तेच देवीचं उत्तर. आपण देवाला कौल लावतो, फूल उजवीकडून पडलं की होकार, ते तरी दुसरं काय आहे? पडतंय फूल कसंही, आपण म्हणतो देव बोलला. वेदातसुद्धा जुगाऱ्याचं एक सूक्त आहे, ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात, त्यात फासे बेहड्याच्या बियांचे आहेत आणि तो माणूस रडून सांगतो की बायको गेली, घर गेलं तरी हे फासे बोलावतात. कृत, त्रेता, द्वापर, कली ही फाशांच्या दानांचीही नावं होती, म्हणजे आपण ज्याला युगं म्हणतो त्यांची नावं आणि फासे पडण्याची नावं एकच.

नळाची गोष्ट तर मिस्टरांनी स्वतः मुलीला वाचून दाखवावी असं मला फार वाटतं. महाभारतात, वनपर्वात आहे. नळ द्यूतात सगळं हरतो कारण त्याच्या अंगात कली शिरलेला असतो, म्हणजे इथपर्यंत गोष्ट सासूबाईंच्या बाजूची. पण पुढं तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो, आणि रथातून जाता जाता राजा एका बेहड्याच्या झाडाकडं बघून पानं किती फळं किती ते सांगून टाकतो, नळ रथ थांबवून मोजायला जातो आणि आकडा बरोबर निघतो. मग राजा त्याला फाशांची विद्या शिकवतो, मोजण्याची विद्या शिकवतो, आणि ती आली रे आली की कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. कुठलाही मंत्र नाही, गणित आल्यावर कली गेला. युरोपात पास्कल आणि फर्मा या गणितज्ञांनी १६५४ मध्ये एकमेकांना पत्रं लिहून द्यूताचं गणित मांडलं, शक्यतेचं गणित म्हणजे प्रॉबेबिलिटी तिथून वाढली असं मानतात, पण आपल्या गोष्टीतला राजा त्याच्या कितीतरी आधी झाडाखाली उभा आहे.

एवढं सगळं सांगायचं कारण असं की नशीब खरं का योगायोग खरा हे भांडण तुमच्या घरात मागच्या वर्षी सुरू झालेलं नाही, जिथं जिथं माणसं अवेळी गेली तिथं तिथं हे भांडण झालंय आणि शहाण्या लोकांनी ते मिटवायच्या ऐवजी त्याच्या गोष्टी केल्या. तुमच्या मुलीनं तेच केलंय.

आणि ती काही एकटीच नवे देव करत नाहीये. आयर्लंडमधले लेखक लॉर्ड डन्सनी, त्यांनी १९०५ मध्ये एक छोटं पुस्तक काढलं, त्यात सगळे देव त्यांचे स्वतःचे, पेगाना नावाच्या जागेतले. त्याची सुरवात काय आहे माहितीये? काहीच नसताना, नुसतं धुकं असताना, नशीब आणि योगायोग दोघं खेळ कुणाचा यावर डाव टाकतात, जो जिंकतो तो धुक्यातून जाऊन मोठ्या देवाला म्हणतो आता माझ्यासाठी देव तयार कर. कोण जिंकलं ते कुणालाच माहीत नाही. धुकं, दोन खेळाडू, डाव! तुमच्या मुलीनं ते पुस्तक वाचलं असण्याची शक्यता मला फार कमी वाटते, तिनं कासचं धुकं बघितलंय आणि घरात दोन बाजू ऐकल्यात, तेवढ्यावर ती तिथं पोचली. वाचून अंगावर काटा आला माझ्या, खरं सांगते.

दुसरे टॉल्किन, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होते, महायुद्ध संपेपर्यंत त्यांचे जवळचे मित्र एक सोडून सगळे गेले. तापानं आजारी पडून हॉस्पिटलात होते तेव्हा त्यांनी स्वतःच्या देवांच्या आणि राज्यांच्या पहिल्या गोष्टी लिहायला घेतल्या, आणि पुढं जन्मभर त्यात भर घालत राहिले, ते वारल्यावर १९७७ मध्ये ते सगळं पुस्तक म्हणून आलं. त्यात जग देवांच्या गाण्यातून तयार होतं, ते गाणं म्हणजे सगळ्यांचं नशीब, पण माणसाला तेवढी सूट आहे की त्यानं गाण्याच्या पलीकडं जाऊन आपलं आयुष्य घडवावं. वीस-बावीस वर्षांचे मित्र गमावून आलेला माणूस हे लिहितो तेव्हा तो टाइमपास करत नसतो. तुमची मुलगी पण करत नाहीये.

म्हणून अंधश्रद्धेची काळजी सोडा. तिनं स्वतः लिहिलंय, नेमा आणि अवचिता आपण केल्यात हे तिच्याइतकं कुणाला माहितीये? मिस्टरांना माझ्याकडून एक सांगा. ज्या साताऱ्यात डॉ. दाभोलकरांनी काम केलं तिथलेच तुम्ही, १९८९ पासून अंनिस हेच सांगत आलीय की विरोध देवाधर्माला नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, आणि २०१३ साली डॉक्टरांच्या खुनानंतर जो कायदा झाला तोसुद्धा अघोरी प्रथांवर आणि लोकांना फसवणाऱ्या-छळणाऱ्यांवर आहे, गोष्टींवर नाही. एक पोरगी वहीत देव करते त्यात कुणाचं शोषण होतं? आणि सासूबाईंना सांगा की पालीच्या खंडोबाचं पौषात म्हाळसेशी लग्न लागतं, जेजुरीला गेलं की त्याच खंडोबाच्या आणखी वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळतात, आजवर देव कुणावर कोपला नाही की तू माझी नवी गोष्ट का सांगितलीस म्हणून.

आता जे मला खरं बोलायचंय ते. ताई, तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत, एक वर आहे आणि एक खाली, आणि तुम्ही ती एकमेकांना जोडलेली नाहीत. वर लिहिलंय "हिनंच फोन करून लवकर ये म्हणून बोलावलं होतं". खाली लिहिलंय वहीतली बिननावाची छोटी मुलगी हाक मारते आणि झेल चुकतो.

ही ती आहे हो. मी लांबून बोलतेय, मी तिला भेटलेली नाही, पण मला दुसरं काही वाटतच नाही. वर्षभर ती मनात धरून बसलीय की मी हाक मारली म्हणून दादा पडला. आणि ती हे कुणाला सांगणार? आजी म्हणते लिहिलेलं होतं, बाबा म्हणतात योगायोग. खरं तर दोघंही तिला सोडवायलाच बघतायत, लिहिलेलं होतं म्हणजे तुझ्या हातात नव्हतं, योगायोग होता म्हणजे कुणी मुद्दाम केलं नाही. आजी तर बहुतेक स्वतःच्या लेकीसाठी म्हणत असेल, मी त्याला त्या दिवशी जाऊ द्यायला नको होतं असं आत्याच्या मनात येऊ नये म्हणून. पण पोरीच्या कानावर ही उत्तरं पडली ती विषय बंद केल्यासारखी. तिचा प्रश्न होता माझ्यामुळं झालं का, आणि तो कुणी विचारूच दिला नाही, मग तो वहीत गेला.

तेव्हा आधी तिला सांगा की मी तुझी वही वाचली. लपवू नका, कारण हे बोलायचं तर वहीबद्दल बोलावंच लागेल आणि नंतर कळलं तर ती परत बंद होईल. चिडेल, रडेल, एक-दोन दिवस बोलणार नाही, चालेल. माफी मागा आणि म्हणा पुन्हा विचारल्याशिवाय वाचणार नाही. मग एखाद्या संध्याकाळी दोघीच असताना, यवतेश्वरला फिरायला गेलात तर अजून चांगलं, सरळ शब्दात बोला. देवांच्या भाषेत नको, वहीतल्या मुलीचं नाव घेऊन आडून-आडून पण नको. "तू फोन केलास म्हणून तो गेला नाही. तू दरवर्षीच फोन करायचीस आणि तो दरवर्षी यायचा. तुझा त्यात काही दोष नाही." एवढंच, आणि मग गप्प बसा, तिला बोलू द्या. एकदा सांगून नाही भागणार, परत परत सांगावं लागेल, कधी कधी तेच तेच.

इथं मिस्टरांचं गणित कामाला येतं, पण ते नंतर, आधी नाही. पोरांना आकडा पटतो. दोन फासे टाकले तर छत्तीस तऱ्हांनी पडतात, त्यातल्या सहा तऱ्हांनी बेरीज सात येते आणि बारा फक्त एका तऱ्हेनं, तुम्ही टाकताना कुणाचं नाव घेतलं तरी त्यात फरक पडत नाही. घरी बसून दोघांनी शंभर वेळा टाकून बघावं, वही-पेन घेऊन. बारा कमी वेळा येतं पण येतं, आणि ज्याच्या डावात आलं त्यानं ते बोलावलेलं नसतं. बाप हे तिच्याशी खेळत बसला तर माझ्या दहा पत्रांचं काम होईल.

सासूबाईंसाठी एक जपून सांगायचंय. वटपौर्णिमा झालीय, सावित्रीची गोष्ट त्यांच्या तोंडात असणार. नारदानं वर्षभर आधी सांगितलेलं मरण ठाऊक असून ती सत्यवानाशी लग्न करते आणि यमामागं चालत जाऊन बोलण्यात त्याला हरवते. फार मोठी गोष्ट आहे, माझी आवडती. पण आत्ता या पोरीला नको. तिच्या मनात यातून एकच निघेल, की धीर असता तर कुणीतरी त्याला आणलं असतं परत, मी नाही आणलं. दोन-तीन वर्षांनी सांगा. आत्ता त्या फाटक्या पपायरसवाल्या राजपुत्राची सांगा, त्याचा शेवट तिला लिहायचा असेल तर लिहू दे, नसेल तर राहू दे.

आत्याचं काय ते तुम्हालाच ठरवावं लागेल. तिच्या तोंडून "बाळा, तुझ्यामुळं नाही" हे आलं तर त्याच्यासारखं दुसरं औषध नाही, पण ती स्वतः अजून कुठल्या अवस्थेत आहे ते आधी एकटीला भेटून बघा, मुलीच्या समोर अचानक विषय काढू नका. आणि नाही जमलं तिला तर रागावू नका तिच्यावर.

एवढं मात्र लक्ष ठेवा: झोप, जेवण, शाळा कशी चाललीय. कुणाला फोन करायलाच घाबरते का? घरातलं कुणी बाहेर पडताना हाक मारू नका म्हणते का? अमुक केलं नाही तर कुणीतरी जाईल असं काही मोजत-पाळत असते का? यातलं काही दिसलं, किंवा मला जगायचं नाही अशी भाषा आली तर वाट बघायची नाही, मानसोपचारतज्ज्ञाकडं घेऊन जायचं. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, कुठं जायचं ते पण सांगतात. तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालेल, वर्षभर तुम्ही तिघांच्या मधे उभ्या आहात आणि तुमचं दुःख पत्रात कुठंच नाहीये.

मखराचं तिलाच विचारा. करायचं असेल तर करू दे, नसेल तर यंदा नुसत्या पाटावर गणपती बसवा, कोण काय म्हणेल ते म्हणेल. लोकांना बोलवायचं काम यावर्षी तुम्ही घ्या, तिच्यावर टाकू नका.

हे पत्र मिस्टरांना वाचायला द्या आणि सासूबाईंना वाचून दाखवा, मुलीशी बोलून झाल्यावर, आधी नाही. दोघांपैकी कुणाला माझं पटलं नाही तर त्यांनी मला लिहावं, मी उत्तर देईन. आणि तिच्याशी बोलणं झालं की तुम्ही दोन ओळी टाका, कसं झालं ते.